पिंडा की बाफळी? सड्यावरच्या चामर कुलातील वनस्पती ओळखण्याची रीत

श्रावण सरताना, तेरडा ऐन बहरात असताना पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठारावर गेले, की जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभा खडकाच्या उघड्या सपाट माथ्यावर, गुडघाभर उंचीची, टोकाला फुलांची सपाट छत्री धरलेली झाडे वाऱ्यावर डुलताना दिसतात. त्यांचे छायाचित्र काढून नवशिका माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. ही पिंडा आहे की बाफळी? आणि परदेशात अंगावर फोड आणणारे ‘हॉगवीड’ म्हणतात, ते हेच का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळण्यासारखी आहेत, मात्र फुलाच्या एका छायाचित्रावरून ती सहसा मिळत नाहीत. ही झाडे एकमेकांच्या इतक्या जवळची आहेत, की त्यांच्यातला खरा फरक फुलात कमी आणि फळात जास्त आहे. म्हणून या लेखातली रीत फळापर्यंत जाते, आणि वाचकालाही तिथपर्यंत धीर धरावा लागेल.

प्रथम नावांचा घोळ दूर करू. मराठी शास्त्रीय लेखनात ‘प्रजाती’ म्हणजे एका नावाखाली येणारा मोठा गट आणि ‘जाती’ म्हणजे त्या गटातली एकेक वनस्पती. हॉगवीड हे इंग्रजी नाव ‘हेरॅक्लिअम’ या प्रजातीतल्या जातींना दिले जाते. आपली पिंडा पूर्वी ‘हेरॅक्लिअम कोंकनेन्स’ म्हणून ओळखली जात असे. 1986 मध्ये मुखर्जी आणि कॉन्स्टन्स या अभ्यासकांनी तिच्यासाठी ‘पिंडा’ हीच स्वतंत्र प्रजाती केली, आणि तेव्हापासून तिचे नाव ‘पिंडा कोंकनेन्सिस’ झाले. नावात कोकण असले तरी ती घाटमाथ्यावरच्या सड्यांवर आणि उतारांवर आपल्याला भेटते. बाफळीचा प्रवास याहून लांबचा आहे. 1861 मध्ये डॅल्झेल आणि गिब्सन यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात तिला ‘पॅस्टिनाका ग्रँडिस’ म्हटले, पुढे ती ‘प्युसिडॅनम ग्रँडे’ झाली, त्यानंतर ‘हेरॅक्लिअम ग्रँडे’, आणि आता पुष्कळ अभ्यासक तिला ‘टेट्राटेनिअम ग्रँडे’ म्हणतात. जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्या यादीत दुसरे दिसले, म्हणून झाडे दोन आहेत असे समजू नये. वहीत मराठी नाव ठळक लिहावे आणि शास्त्रीय नावे एकाखाली एक नोंदवून ठेवावीत.

पहिली पायरी : स्वयंपाकघरातली ओळख

डोंगर चढण्याआधी घरातला मसाल्याचा डबा उघडावा. या झाडांचे कुल आपल्या रोजच्या जेवणातले आहे. धने, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर आणि हिंग हे सगळे एकाच चामर कुलातले आहेत. ज्याला आपण ‘बी’ म्हणतो, ते यातल्या बहुतेक ठिकाणी खरे तर अर्धे किंवा पूर्ण फळ असते. पांढऱ्या कागदावर चार धने, चार बडीशेपेचे दाणे आणि बाळंतिणीला देतात त्या बाळंतशोपांचे चार दाणे मांडावेत, आणि दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घेऊन बसावे. शंभर छायाचित्रे पाहून जे समजत नाही, ते या अर्ध्या तासात समजते.

बडीशेपेचा दाणा देठाकडून पाहिला तर मध्यावर एक फट दिसते. नखाने हलके दाबले की दाण्याचे दोन भाग होतात. या प्रत्येक अर्ध्या भागाला फलांश म्हणतात. दोन फलांश जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तो भाग म्हणजे जोडाचा पृष्ठभाग, आणि बाहेरच्या बाजूला उभ्या उंच रेषा असतात त्या म्हणजे कंगोरे. कंगोऱ्यांच्या मधल्या खोबणीत, सालीच्या आत, तेलाच्या बारीक नळ्या असतात. आपल्याला जो वास येतो तो या नळ्यांमधल्या तेलाचा. आता बाळंतशोपा पाहावी. ती बडीशेपेपेक्षा चपटी असते आणि तिच्या दोन्ही कडांना फिकट रंगाची पातळ किनार असते. कंगोऱ्यांच्या मधल्या गडद रेषा उजेडात धरल्यावर नीट दिसतात. ही चपटी, किनारीची, रेषांची बाळंतशोपा डोळ्यांत भरून घ्यावी, कारण पिंडा आणि बाफळी या दोघींची फळे याच घडणीची असतात, फक्त आकाराने कितीतरी मोठी.

‘चपटे’ या शब्दाचाही इथे नेमका अर्थ आहे. दोन्ही तळहात नमस्काराला जोडतो तसे जोडावेत. हात चपटे आहेत आणि त्यांच्यातला जोड रुंद आहे. हेरॅक्लिअम, पिंडा आणि बाफळी यांचे फळ असे असते. आता दोन्ही मुठी वळून एकमेकींना टेकवाव्यात. जोड अरुंद झाला आणि बाहेरचे भाग फुगीर राहिले. जिरे आणि ओवा, आणि सड्यावरच्या पिंपिनेला प्रजातीच्या जाती, या दुसऱ्या तऱ्हेच्या. नमस्कार आणि मुठी एवढे लक्षात राहिले, तरी निम्मे काम झाले.

दुसरी पायरी : झाड या कुलातले आहे ना?

पठारावर पोचल्यावर लगेच जातीच्या मागे लागू नये. आधी कुल पक्के करावे. तीन गोष्टी पाहायच्या. फुलोऱ्यात मुख्य दांड्याच्या टोकाच्या एकाच बिंदूपासून छत्रीच्या काड्यांसारखे दांडे फुटलेले असावेत, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पुन्हा तशीच छोटी छत्री असावी. पानाच्या देठाचा तळ रुंद होऊन खोडाला म्यानासारखा बिलगलेला असावा. आणि फुलाच्या पाकळ्यांच्या खाली, दोन भागांचे चिमुकले फळ आधीपासूनच बसलेले दिसावे.

इथे नवशिक्यांची सर्वाधिक फसगत गाजर गवतामुळे होते. नाव गाजराचे असले आणि पानेही गाजरासारखी चिरलेली असली, तरी आपल्या माळांवर माजलेले काँग्रेस गवत सूर्यफुलाच्या कुलातले आहे. त्याच्या फुलांचे दांडे एका बिंदूपासून फुटत नाहीत, आणि देठाला म्यान नसते. फुलोऱ्यातला एक दांडा बोटाने खालपर्यंत मागोवा घेत गेले, की हा भेद लगेच उमगतो. फांद्या वेगवेगळ्या उंचीवरून फुटलेल्या असतील तर ते चामर कुल नव्हे.

तिसरी पायरी : पान आणि उंची

पिंडा साधारणपणे गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढते. बहुतेक पाने जमिनीलगत असतात, आणि प्रत्येक पान दातेरी कडांच्या काही पर्णिकांचे बनलेले असते. जमिनीखाली तिचा कंद असतो. पावसाळा संपला की वरचे सगळे वाळून जाते, आणि पुढच्या पावसात त्याच कंदातून ती पुन्हा येते. बाफळीही कंदासारख्या जाड मुळावर जगते, पण तिचा अंगलोट मोठा असतो. तळाची पाने रुंद आणि भरदार असतात, आणि खोड जाडसर असते.

पान पाहून अंदाज जरूर करावा, पण त्यावर निकाल देऊ नये. एकाच पठारावर, जिथे जांभ्याच्या खळग्यात बोटभर माती आहे तिथली पिंडा वीतभर राहते, आणि बांधाच्या आडोशाला, खोल मातीत तीच कमरेला लागते. मी स्वतः पहिल्या दोन वर्षांत उंचीवरून नावे लिहीत होतो. एका ऑगस्टमध्ये एका दगडी बांधाच्या आत वाढलेल्या अकरा झाडांपुढे ‘बाफळी’ अशी नोंद केली, कारण ती उंच होती आणि त्यांची पाने मोठी होती. तेव्हा छत्र्या कळीत होत्या. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा त्या अकराही झाडांवर पांढरी, बाहेरची पाकळी दुभंगलेली फुले होती, म्हणजे ती पिंडाच होती. नोंदवहीतले ते पान मी खोडले नाही. बाजूला तारखेसह दुरुस्ती लिहिली, आणि तेव्हापासून कळीतल्या झाडापुढे मी नाव लिहीत नाही, फक्त ‘फळ पाहणे बाकी’ असे लिहितो.

चौथी पायरी : छत्रीच्या कडेचे फूल

फुलोरा फुललेला असेल तर छत्रीच्या मधले फूल पाहू नये, अगदी कडेचे पाहावे. पिंडेच्या कडेच्या फुलांत बाहेरच्या बाजूची पाकळी इतरांपेक्षा बरीच मोठी असते, आणि टोकाला खोलवर दुभंगलेली असते. त्यामुळे संपूर्ण छत्रीला पांढऱ्या लेसची झालर लावल्यासारखे दिसते. छत्रीच्या मध्याकडे जावे तसतशा पाकळ्या सारख्या आणि लहान होत जातात. बाहेर झालर आणि आत साधी फुले ही रचना कीटकांना दुरून छत्री दिसावी यासाठी उपयोगी पडते, आणि ओळखणाऱ्यालाही.

बाफळीची फुले पिवळी असतात आणि तिच्या छत्रीला अशी पांढरी झालर नसते. रंग उमलताना जितका स्पष्ट असतो तितका उतरत्या फुलात राहत नाही, म्हणून पाकळ्या गळू लागलेल्या छत्रीवरून रंगाचा निर्णय करू नये. पिंपिनेलाच्या जाती या दोघींहून नाजूक दिसतात. त्यांची फुले बारीक असतात आणि कडेच्या पाकळ्या विशेष मोठ्या झालेल्या नसतात.

मोबाइलने छायाचित्र काढायचेच असेल तर एका झाडाची चार काढावीत : छत्री वरून, तीच छत्री खालून, पानाचा तळ खोडाला बिलगतो ती जागा, आणि जवळ पट्टी धरून कडेचे एक फूल. छत्री खालून पाहण्याचे कारण असे, की मुख्य दांडे जिथून फुटतात तिथे पानांसारखे बारीक छद आहेत की नाहीत, आणि छोट्या छत्र्यांच्या खाली ते आहेत की नाहीत, याची नोंद या कुलात नेहमी कामी येते. वरून काढलेल्या सुंदर छायाचित्रात नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

पाचवी पायरी : फळ

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे नवरात्राच्या आगेमागे, फळे भरतात. तेव्हा पठारावर फुलांची गर्दी ओसरलेली असते आणि पर्यटकही कमी असतात. ओळखणाऱ्यासाठी खरा हंगाम हाच आहे.

आपण ज्या झाडाची ऑगस्टमध्ये नोंद केली, त्याच झाडाकडे परत यावे. जागा सापडावी म्हणून मोबाइलवर ठिकाण साठवावे, आणि जवळच्या ठळक दगडापासून किती पावले, कोणत्या दिशेला, हेही लिहून ठेवावे. सड्यावर सगळीकडे जांभाच असतो आणि दोन महिन्यांत गवत वाढते.

फळ हातात न घेताही पुष्कळ दिसते. पहिला प्रश्न जोडाचा : नमस्कार की मुठी? लहान, गोलसर, मुठींसारखी फळे असतील तर ती पिंडाही नव्हे आणि बाफळीही नव्हे, पिंपिनेलाकडे वळावे. फळ चपटे असेल तर पुढे जावे. बाफळीचे फळ मोठे, लंबगोल, सुमारे सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडे लांब, पिकताना पिवळसर तांबूस, आणि कडेला रुंद पातळ किनार असलेले असते. त्याला लिंबाच्या जातीचा तीव्र वास येतो. ही वाळलेली फळे औषधी म्हणून फार पूर्वीपासून विकली जातात, आणि युनानी औषधांत ती ‘दुकू’ या नावाने येतात. पिंडेचे फळही चपटे असते, पण एकदा दोन्ही एकाच कागदावर शेजारी ठेवून पाहिली की बाफळीचा भरदारपणा आणि तिचा वास विसरला जात नाही.

त्यानंतर फळ आकाशाकडे धरून भिंगातून पाहावे. सालीतून तपकिरी उभ्या रेषा दिसतील. या तेलनळ्या किती आहेत, वरून खाली पूर्ण पोचतात की मध्येच थांबतात, आणि खालच्या टोकाला फुगतात की निमुळत्या होतात, हे चित्र काढून नोंदवावे. ही सूक्ष्म गोष्ट वाटली, तरी या संपूर्ण गटाचे वर्गीकरण तिच्यावरच उभे आहे. हेरॅक्लिअममध्ये फळाच्या पाठीवरच्या नळ्या टोकाकडून निघून तळाच्या आधीच थांबतात आणि त्यांचे खालचे टोक गदेसारखे फुगते. बाफळीच्या ‘टेट्राटेनिअम’ या नावात तर ‘चार पट्ट्या’ हाच अर्थ आहे. चित्र कच्चे असले तरी चालेल. हात रेषा काढत असतो तेव्हा डोळा मोजत असतो, आणि छायाचित्रात हे मोजणे राहून जाते.

एक किंवा दोन गळालेली फळे अभ्यासासाठी पुरेशी आहेत. कंद कधीही उकरू नये. वर्षानुवर्षे टिकणारे झाड कंद काढल्याने त्या एका क्षणात संपते, आणि ओळख पटवण्यासाठी कंदाची गरजही पडत नाही. राधानगरी अभयारण्यात तर परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही. 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या पश्चिम घाटाच्या ठिकाणांत कासच्या बरोबरीने राधानगरीही आहे. तिथे भिंग, पट्टी आणि वही एवढ्यावरच काम करावे. ते पुरेसे होते.

परदेशातले भाऊबंद

आता दुसरा प्रश्न. परदेशातले ते हॉगवीड म्हणजे आपली पिंडा किंवा बाफळी नव्हे, पण ते त्यांचे जवळचे नातेवाईक आहे. कोल्हापुरातली पुष्कळ मुले शिकायला जर्मनी, इंग्लंड, पोलंड किंवा रशियात जातात, आणि नदीकाठी फिरताना तिथले हॉगवीड त्यांच्या वाटेत येते. त्यांच्यासाठी ही माहिती आवर्जून देतो, कारण तिथे ओळख चुकली तर इजा होते.

तिथे साधारणपणे चार झाडांमध्ये फरक करावा लागतो. युरोपातले मूळचे साधे हॉगवीड, ‘हेरॅक्लिअम स्फोन्डिलिअम’, माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून कमी असते. खोड बोटाएवढे किंवा थोडे जाड, पानांचे भाग गोलसर टोकांचे. त्याचीच पूर्वेकडची ‘सिबिरिकम’ ही उपजाती हिरवट पिवळ्या फुलांची असते, आणि तिच्या कडेच्या पाकळ्या मोठ्या झालेल्या नसतात. राक्षसी हॉगवीड, ‘हेरॅक्लिअम मँटेगाझिआनम’, मूळचे कॉकेशस पर्वतातले. ते दोनपासून पाच मीटरपर्यंत वाढते. त्याचे खोड तळाशी पाच ते दहा सेंटिमीटर जाड, केसाळ आणि जांभळ्या ठिपक्यांचे असते, पाने खोलवर चिरलेली आणि टोकदार असतात, आणि मुख्य छत्रीला पन्नासहून अधिक दांडे असतात. काही वर्षे नुसती पाने वाढवून ते एकदाच फुलते, हजारो फळे टाकते आणि मरते. इंग्लंडमध्ये क्यू येथील उद्यानाच्या बियाण्यांच्या यादीत ते 1817 मध्ये आले, म्हणजे लोकांनी ते शोभेसाठी हौसेने लावले आणि नंतर ते नदीकाठांवर पसरले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1895 मध्ये ठेवले गेले.

तिसरे ‘हेरॅक्लिअम सोस्नोव्स्की’. सोव्हिएत काळात गुरांचा चारा म्हणून त्याची मुद्दाम लागवड झाली, आणि ते तिथून बाल्टिक देशांत व पोलंडमध्ये पसरले. राक्षसी हॉगवीडशी त्याचे साम्य इतके आहे, की एकट्या पानावरून सांगणे अवघड जाते. सोस्नोव्स्कीची पाने कमी खोल चिरलेली, भाग रुंद, आणि छत्रीचे दांडे सहसा तीस ते पंचाहत्तर असतात. त्याला 1944 मध्ये नाव देणाऱ्या ईडा मांडेनोव्हा याच पुढे ‘टेट्राटेनिअम’ ही स्वतंत्र प्रजाती मानणाऱ्या. आपल्या बाफळीचे आजचे नाव जॉर्जियातल्या या विदुषीपर्यंत पोचते, हे मला फार मोलाचे वाटते. चौथे ‘हेरॅक्लिअम पर्सिकम’ उत्तर नॉर्वेत पसरलेले आहे. त्याला बडीशेपेसारखा वास येतो, खोडाचा तळ जांभळा असतो आणि ते एकदा फुलून मरत नाही, दरवर्षी फुलते.

इथेही फळ उपयोगी पडते. राक्षसी हॉगवीडच्या फळावरच्या तेलनळ्यांची खालची टोके ठळक, जवळजवळ मिलिमीटरभर रुंद असतात, साध्या हॉगवीडच्या त्याहून स्पष्टपणे बारीक असतात. मात्र परदेशात ही तपासणी हाताने करू नये. मीटरभर दूर उभे राहून उंची, खोडावरचे ठिपके आणि छत्रीचा आकार पाहावा, आणि तेवढ्यावर थांबावे.

कातडीची काळजी

या झाडांच्या रसात फ्युरानोक्युमरीन नावाची द्रव्ये असतात. रस लागताच आग होत नाही, म्हणूनच माणूस फसतो. रस कातडीवर असताना ऊन पडले, की उन्हातल्या अतिनील किरणांमुळे ही द्रव्ये कातडीच्या पेशींना इजा करतात. दुसऱ्या दिवशी लाली आणि फोड येतात, आणि त्यानंतर काळे डाग काही महिने राहू शकतात. आपल्याकडे ही गोष्ट अनोळखी नाही. कोडावर बावची लावून ऊन घेण्याचा जो जुना उपचार आहे, तो याच गुणावर चालतो, आणि वैद्य मात्रा सांभाळायला सांगतात तेही याचसाठी. उन्हात लिंबू पिळणाऱ्याच्या हातावर कधी कधी उठणारे डागही याच जातीचे.

पिंडा किंवा बाफळीला घाबरून दूर पळण्याचे कारण नाही. तरीही पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पान किंवा हिरवे फळ उघड्या हाताने चुरडू नये, आणि वास पाहायचा असेल तर वाळून गळालेले फळ घ्यावे. रस लागलाच तर लगेच पाणी आणि साबणाने धुवावे, ती जागा कापडाने झाकावी आणि दोन दिवस उन्हापासून जपावी. डोळ्यांत गेला किंवा फोड आले तर डॉक्टरांकडे जावे, आणि कोणत्या झाडाचा रस होता हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण दुसऱ्या दिवशी उठलेला फोड पाहून झाडाची आठवण कोणालाच होत नाही. लहान मुलांना पोकळ खोडाची पिपाणी करू देऊ नये. परदेशात मुलांच्या ओठांना झालेल्या इजांचे हे ठरलेले कारण आहे.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक झाडासाठी वहीचे एक संपूर्ण पान द्यावे आणि त्याचे दोन भाग करावेत. वरच्या भागात पावसाळ्यातली भेट : तारीख, ठिकाण, माती, उंची, पान, कडेचे फूल, छत्रीच्या दांड्यांची संख्या. खालचा भाग रिकामा सोडावा, तो ऑक्टोबरच्या भेटीसाठी. नाव सगळ्यात शेवटी, पेन्सिलीने. शंका राहिली तर गळालेले फळ कागदी पाकिटात घालून, त्यावर तोच पान क्रमांक टाकून, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या शिक्षकांना दाखवावे. नुसते फुलाचे छायाचित्र पाहून जाणकारही ‘पिंडा असावी’ एवढेच म्हणतात. फळ समोर ठेवले, की ते भिंग काढतात, दोन फलांश वेगळे करतात, जोडाच्या बाजूने एकदा आणि पाठीच्या बाजूने एकदा पाहतात, आणि मग नाव सांगतात.